३५०० एमएएच, ३५ अँपिअर: दहा पौंडांत चार सेल घेतले आणि हातोहात गंडलो

आधीच सांगतो, मी इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही, इंग्लंडात लेस्टरला एका गोदामाच्या ऑफिसात हिशेबाचं काम करतो. पुण्यात कॉलेजच्या टपरीपासून चिकटलेली सिगारेट सुटावी म्हणून दोनेक वर्षांपूर्वी व्हेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगारेट, घेतलं आणि सिगारेट खरंच सुटली. (व्हेप चांगलं असं म्हणत नाहीये, बायको रोज विचारते की आता हे कधी सोडणार.) भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे, त्यामुळे सुट्टीला पुण्याला जातो तेव्हा ते इथंच कपाटात ठेवून जातो. पण ज्या सेलमध्ये मी फसलो तेच सेल तिकडे टॉर्च, पॉवर बँक, हातातले पंखे सगळ्यात असतात, म्हणून मराठीत लिहितोय.

माझं व्हेपचं मशीन दोन सेलचं आहे. सेल वेगळे घ्यावे लागतात, १८६५० म्हणतात त्यांना. मला आधी वाटायचं हा मॉडेल नंबर असेल, तर तसं नाही, १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचा शून्य म्हणजे गोल नळकांडं. २१७०० म्हणजे त्याचा थोरला भाऊ, २१ जाड आणि ७० लांब. व्होल्टेज दोघांचं सारखंच, नावाला ३.६ किंवा ३.७, फुल चार्ज केला की ४.२, आणि वापरताना ३.२ च्या आसपास उतरला की माझं मशीन बास म्हणतं. म्हणजे सेल मोठा घेतला म्हणून व्होल्टेज वाढत नाही, फक्त आत माल जास्त मावतो.

तर जुने सेल दमले होते. दुकानात एकाला सात पौंड सांगितले. ऑनलाइन बघतो तर चार सेल दहा पौंडात, वर प्लास्टिकची डबी फुकट. आता मी अगदीच बावळट नाही हो, ९९०० एमएएच (सेलमध्ये वीज किती मावते त्याचं माप) लिहिलेले सेल बोगस असतात हे मला माहीत होतं, त्या जाहिराती बघून मी हसलो आणि पुढे गेलो. या सेलवर ३५०० एमएएच आणि ३५ अँपिअर लिहिलं होतं, आकडे खरे वाटण्यासारखे होते, वर जांभळं चकचकीत रॅप, म्हणजे प्लास्टिकचं आवरण, होतं, शेकड्याने चांगले रिव्ह्यू होते, आणि तिथंच मी गंडलो, कारण सुटासुटा बघितला तर ३५०० हा आकडा खरा असू शकतो आणि नुसता अँपिअरचा आकडाही एखाद्या चांगल्या सेलचा असू शकतो, पण दोन्ही एकाच १८६५० मध्ये नाही.

हे मला नंतर ऑफिसातल्या एका कोल्हापूरकराने समजावलं. तो म्हणाला, भावा, एमएएच म्हणजे हंड्यात पाणी किती आणि अँपिअर म्हणजे तोटी केवढी, आणि हंडा तर ठरलेल्या मापाचाच आहे. तोटी मोठी करायची तर आत धातूची पत्री वगैरे जास्त घालावी लागते, तेवढी पाण्याची जागा जाते. सॅमसंगचा २५आर बघ, २० अँपिअर देतो पण २५०० एमएएचच. एलजीचा एमजेवन ३५०० चा आहे पण १० अँपिअरवर थांबतो. तुझा सेलवाला काय जादूगार आहे का?

पहिल्याच दिवशी मशीनने कुरकुर सुरू केली. मी ६० वॉटवर ओढतो, ओढलं की स्क्रीनवर ‘वीक बॅटरी’, सोडलं की परत बॅटरी पाऊण भरलेली. मला वाटलं मशीन बिघडलं. प्रत्यक्षात काय होत होतं तर दोन सेलमध्ये ६० म्हणजे एकेकावर ३० वॉट, ३० भागिले ३.२ व्होल्ट केलं की साधारण साडेनऊ अँपिअर, थोडं मशीन स्वतः खातं, म्हणजे दहा-साडेदहा धरा. ३५ अँपिअरच्या सेलला हे म्हणजे चहाच्या कपाएवढं काम, पण माझ्या सेलचं व्होल्टेज तेवढ्यातच धाडकन खाली बसत होतं.

तिसऱ्या रात्री चार्जरमधला एक सेल इतका तापला की हाताला चटका बसला. फडक्यात धरून मागच्या अंगणात रिकाम्या मातीच्या कुंडीत टाकला आणि अर्धा तास दारात उभा राहून बघत बसलो. बायको आतून विचारतेय काय झालं, मी म्हणतोय काही नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरकराला बोलावलं. सेलमध्ये किती एमएएच मावतात ते मोजून दाखवणारा चार्जर तो घेऊन आला, आणि आधी आमचा केकसाठीचा वजनकाटा मागितला. एकाच मॉडेलचे चार सेल, वजनं निघाली ४६, ४४, ४१ आणि ४४ ग्रॅम. एकाच कारखान्यातल्या मालात एवढा फरक पडत नाही म्हणाला. मग गार झालेल्या त्या कुंडीतल्या सेलचं रॅप नखाने सोललं (तुम्ही हे करू नका, सेलचं अख्खं नळकांडं निगेटिव्ह असतं, वर फक्त ते पातळ प्लास्टिक). आत डब्यावर गंजासारखे डाग, आणि बुडाला दोन बारीक खड्डे, टाचणी टोचावी तसे, आजूबाजूला कानशीने घासल्याच्या रेघा. ते वेल्डिंगचे डाग. म्हणजे हा सेल आधी कुठल्यातरी लॅपटॉपच्या बॅटरीत पट्टीने जोडलेला होता, तिथं आयुष्य काढून झालं, पट्टी उपटली, घासलं, नवीन जांभळा झगा घातला आणि माझ्याकडे पाठवला.

त्या सेलला चार्जर दाखवलाच नाही. उरलेल्या तिघांचे आकडे आले १९४०, १७८० आणि १२६५ एमएएच. शिवाय आतला रेझिस्टन्स (विजेला सेलमध्येच होणारा अडथळा, जितका कमी तितकं चांगलं) सत्तर-ऐंशी मिलिओहमच्या पुढे, चांगला सेल त्याच चार्जरवर वीस-पंचवीस दाखवत होता. असे कमीजास्त सेल मशीनमध्ये एकामागे एक लागतात, दोघं मिळून ८.४ व्होल्ट, आणि त्यातला अशक्त सेल आधी रिकामा होऊन भरडला जातो. म्हणून जोडी एकत्र घ्यायची, एकत्र चार्ज करायची, मोडायची नाही. हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

विक्रेत्याला फोटोसकट लिहिलं. उत्तर आलं, पहिल्यांदा बारा तास चार्ज करा. हे जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांचं तत्त्वज्ञान, लिथियमला त्याचा काही उपयोग नाही. परत लिहिलं तर म्हणे अर्धे पैसे देतो, रिव्ह्यू काढून टाका. तेव्हा कळलं एवढे चांगले रिव्ह्यू कुठून येतात ते. शेवटी कार्डाच्या बँकेकडून पैसे परत मिळवले आणि सिटिझन्स अॅडव्हाइस या इथल्या सल्ला देणाऱ्या संस्थेच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार दिली, ते ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या सरकारी खात्याकडे, पुढे पाठवतात. सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरला नेऊन दिले, कचऱ्याच्या डब्यात टाकले नाहीत.

आता दुकानातून ओळखीच्या कारखान्याचेच घेतले. असे कारखाने मोजकेच आहेत, सॅमसंग, एलजी, पॅनासोनिक, मोलिसेल, मुराता (म्हणजे पूर्वीची सोनी, तो धंदा २०१७ ला विकला गेला), बाकी बहुतेक नावं म्हणजे दुसऱ्याच्या सेलवर आपलं रॅप. आणि खरं सांगायचं तर सुटा १८६५० खिशात-घरात वापरायची वस्तूच नाही असं अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये बजावलेलं आहे, ते वाचून मी निदान डबीशिवाय सेल नेणं बंद केलं, आधी किल्ल्यांबरोबर खिशात टाकायचो.

साताऱ्याच्या चुलतभावाला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो ट्रेकचा टॉर्च घेऊनच बसला, आत बघतो तर ९९०० एमएएच. म्हणाला दादा, चालतोय की अजून. म्हटलं वजन कर.

परवा तीच जाहिरात परत दिसली, दुकानाचं नाव वेगळं, फोटो तेच. रॅप आता हिरवं आहे आणि ३५०० चे ४००० झालेत.