चालते यंत्र की सोडतीची पेटी: वाशीच्या प्रदर्शनात लहान उद्योजकाने काय निवडावे

रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधील लहान कारखानदार वाशी स्थानकाजवळच्या सिडको प्रदर्शन केंद्रात पहिल्यांदा स्टॉल घेतो, तेव्हा त्याच्या वाट्याला बहुधा तीन मीटर बाय तीन मीटर, म्हणजे ९ चौरस मीटर जागा येते. एवढ्या जागेत यंत्र चालवून दाखवावे, की भेटवस्तू आणि सोडत ठेवून माणसे जमवावीत, याचा निर्णय त्याला जागा आरक्षित करतानाच घ्यावा लागतो. पॅकिंग यंत्रांच्या व्यवसायात मी हे दोन्ही मार्ग वापरले आहेत.

सोडतीची तयारी सोपी असते. पेटी, चिठ्ठ्या आणि छापील पिशव्या एका रिक्षात मावतात, वेगळी वीज लागत नाही, आणि जेवणानंतर सभागृह ओस पडते तेव्हाही स्टॉलसमोर दोन-चार माणसे दिसतात. परंतु पेटीतले कोणते कार्ड खरेदीदाराचे, कोणते विद्यार्थ्याचे आणि कोणते शेजारच्या स्टॉलवरील विक्रेत्याचे, हे नंतर कळत नाही. आमच्या पहिल्या प्रदर्शनानंतर कित्येक दिवस फोन करण्यात गेले, आणि बहुतेकांना आम्ही काय बनवतो हेही आठवत नव्हते. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा भर संमतीवर आहे. सोडतीसाठी घेतलेल्या क्रमांकावर विक्रीचे संदेश पाठवायचे असतील, तर तसे चिठ्ठीवरच लिहून संमती घ्यावी.

चालत्या यंत्रासमोर थांबणारे कमी असतात, पण ते प्रश्न विचारतात. वाशीत तर कृषी उत्पन्न बाजार समितीचा मसाला बाजार जवळच आहे, त्यामुळे तिथल्या व्यापाऱ्याला आठवडाभर आधी भेटून ‘तुमचीच हळद घेऊन या’ असे सांगता येते. हळदीची बारीक पूड पाऊचच्या तोंडाशी अडकली की सील नीट बसत नाही, ही अडचण त्याला चांगली ठाऊक असते. त्याचा माल त्याच्यासमोर भरावा, पाऊच वजनकाट्यावर ठेवावा, मग पाण्यात दाबून बुडबुडे येतात का ते त्यालाच पाहू द्यावे. त्यानंतरचे बोलणे थेट वेग, किंमत आणि दुरुस्ती यांवर येते, आणि मागून जाणारे अनोळखी ग्राहकही ते ऐकायला थांबतात.

याची किंमत मात्र मोजावी लागते. स्टॉलबरोबर सहसा दिवे आणि एखादे सॉकेट एवढीच वीज मिळते. थ्री फेज जोडणी आणि कॉम्प्रेस्ड हवा आयोजकांकडे आगाऊ मागवावी लागते आणि त्यांचे पैसे वेगळे पडतात. यंत्र आदल्या दिवशी उतरवणे, पूर्णवेळ एक कारागीर, जादा हीटर आणि थर्मोकपल (सील करणाऱ्या भागाचे तापमान मोजणारा सेन्सर) हेही हिशेबात धरावे, कारण बंद पडलेले यंत्र पाहून गेलेला ग्राहक सहसा पुन्हा येत नाही. म्हणून ज्याचे यंत्र कारखान्यातच अजून सलग दिवसभर चालत नाही, त्याने ते प्रदर्शनात नेऊ नये.

बजेट मर्यादित असेल, तर भेटवस्तूंचे पैसे दोन बाजूंनी उघड्या कोपऱ्याच्या स्टॉलसाठी वापरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्र वाटेच्या कडेला आणावे आणि टेबल मागे सरकवावे. पुढे आडवे टेबल टाकून त्यामागे बसणे हा सर्वांत मोठा तोटा आहे.

सोडत योग्य ठरते ती घरगुती वापराच्या वस्तूंना, जिथे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस संभाव्य ग्राहक असतो. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला चव देणे हेच प्रात्यक्षिक पुरते. यंत्र फार अवजड असेल, तर त्यावर भरलेले पाऊच आणि कारखान्यातले न कापलेले चित्रीकरण ठेवावे, आणि खऱ्या ग्राहकाला त्याच आठवड्यात कारखान्यात बोलवण्याची वेळ स्टॉलवरच ठरवून घ्यावी.