पर्वरीची झोंबी खोली: भीती पक्की, शास्त्र कच्चं

माझी नोकरी शवागारातली. सरकारी इस्पितळात मयतं आत घेणं, नोंद ठेवणं, शवविच्छेदनाला डॉक्टरांच्या हाताखाली उभं राहणं, यातच केस पांढरे झाले. तेव्हा भाची म्हणाली, "मामा, झोंबीच्या एस्केप रूमला चल," तर मी परीक्षकाच्या नजरेनेच गेलो, हे आधीच सांगून टाकतो.

पर्वरीत हायवेपासून जरा आत, दुसऱ्या मजल्यावर ही जागा, म्हणजे कोडी सोडवत बाहेर पडायची बंद खोली. माणशी 700 रुपये, वेळ एक तास. कथा अशी: प्रयोगशाळेतून साथ सुटून तीन आठवडे झालेत, मेलेले उठून चावत सुटलेत, आणि आपण कुलपं उघडत लस शोधायची. कोडी छान आहेत, विशेषतः रक्तगटाच्या बाटल्यांचं. एसीला दमट वास येतो. पावसाळ्यात गोव्यात कुठल्या एसीला येत नाही म्हणा.

झोंबी झालेला पोरगा साखळी गावचा. एक पाय ओढत, हात ताठ पुढे धरून, जबडा वाजवत असा काही आला की भाचीच्या मैत्रिणीने माझा शर्ट फाडायचाच बाकी ठेवला. अभिनयाला पैकीच्या पैकी. पण तो जबडा! मेल्यावर स्नायू आखडतात ते एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारं रसायन, संपतं म्हणून. आखडलेला स्नायू सैल व्हायलाही एटीपी लागतं, आणि श्वास थांबला की नवं तयार होणं बंद. हे आखडणं पापण्या, जबडा, मान इथे आधी दिसतं, हातापायांत नंतर. म्हणजे खरंच कोणी मेल्यावर उठला, तर पाय आखडायच्या आधी त्याचं चावणं बंद पडेल. आपल्या उकाड्यात ताठरपणा दीड-दोन दिवसांत ओसरतो, पण तोवर कुजायला सुरुवात झालेली असते: पोटावर उजवीकडे खाली हिरवट डाग, मग फुगणं, मग अळ्या. तीन आठवड्यांचा झोंबी, तोही मे महिन्यात? त्याला बंदूक कशाला, झाडू पुरे.

खेळ संपल्यावर हे त्या पोराला सांगितलं. मेकअप पुसत म्हणाला, "काका, जबडा न हलवता घाबरवू कसं?" मुद्दा बरोबर होता.

भिंतीवर एक फलक आहे, 'मुंगीचा मेंदू ताब्यात घेणारी बुरशी'. भाची प्राणिशास्त्राची, तिने तिथेच हटकलं. ऑफिओकॉर्डिसेप्स ही बुरशी खरी. मुंगीला झुडपावर चढवते, पानाची शीर चावून धरायला लावते आणि ती मेली की तिच्या डोक्यामागून देठ काढते. पण 2017 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पाहिलं, तर बुरशीच्या पेशींनी स्नायूंभोवती जाळं विणलेलं, मेंदूत मात्र शिरकाव नाही. मला तर फलकापेक्षा याचीच जास्त भीती वाटली. आणि चढताना ती मुंगी जिवंतच असते, हे विसरू नका. माणसाला या बुरशीची धास्ती नाही; 37 अंशांचं शरीर बहुतेक बुरशांना सोसत नाही.

खरी तक्रार चाव्याच्या कोड्याबद्दल. गटातल्या एकाला 'चावा' बसतो, बारा सेकंदांत तो झोंबी होणार, वाचवायचं तर हात फडक्याने करकचून आवळायचा! चावल्याने माणूस पिसाळतो ही कल्पना हवेतून आलेली नाही, रेबीज आहेच. विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो, लाळेत उतरतो, पाणी समोर आलं तरी घसा आवळतो. लक्षणं दिसू लागली की जवळपास कोणी वाचत नाही. तरी तो जिवंत रोगीच असतो, आणि माणसाकडून माणसाला लागण अगदी विरळा. लक्षणं यायला बहुधा एक ते तीन महिने जातात, आणि लस त्याच मुदतीत आपलं काम करते. म्हणून जखम आवळायची नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला, तो गल्लोगल्ली जाळी घेऊन कुत्र्यांना टोचत फिरलेल्यांच्या जिवावर. अशा राज्यात कॉलेजची पोरं 'चावा आवळा' शिकून बाहेर पडतात? काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, फन आहे." असेल. मग फडक्याऐवजी नळ आणि साबण ठेवा, फन कमी होणार नाही.

पाचपैकी साडेतीन. लहान मुलांना नेऊ नका, गाडी लांब लावावी लागते. आणि बुकिंग करताना 'झोंबीसकट' असं स्पष्ट सांगा. गर्दी नसलेल्या दिवशी पोराऐवजी पुतळा उभा करतात आणि पैसे तेवढेच घेतात.