बास्केटबॉल की क्वायर?

टेक्ससमध्ये राहणाऱ्या, आमच्या चर्चमधल्या एका ताईंनी विचारलं: मुलगा बारा वर्षांचा, घरीच शिकतो, बास्केटबॉल आणि क्वायर (समूहगान) दोन्ही जमणार नाही, तर काय निवडू?

खर्चात क्वायर परवडतं. फी, गाण्यांची फाइल, कार्यक्रमाचा पोशाख, झालं. बास्केटबॉलचे बूट वर्षभरात लहान होतात, शिवाय परगावच्या सामन्यांचं पेट्रोल. टेक्ससमध्ये २०२१ च्या कायद्याने घरी शिकणाऱ्या मुलांनाही सरकारी शाळेच्या संघाचा मार्ग खुला झाला आहे; तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टला (तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) ते मान्य आहे का, आधी विचारा.

वेळ? टीमचा हंगाम थोडे महिने, पण तेव्हा सगळ्या संध्याकाळी जातात. क्वायर आठवड्यातून एकदा, घरी मात्र रोज पंधरा मिनिटं सराव हवाच.

टिकण्याच्या बाबतीत मी क्वायरकडे झुकते. स्वरलिपी वाचता आली, चार आवाजांत आपली ओळ धरता आली, की म्हातारपणीही उपासनेत गाता येतं. फक्त या वयात मुलांचा आवाज फुटतो. तेव्हा क्वायरच्या शिक्षिका त्याला खालच्या पट्टीत सांभाळून घेतील ना?

घराबाहेर सोबती नसलेल्या, हरल्यावर रुसणाऱ्या मुलाला टीम द्या. तीन-चार मुलं एकत्र न्यायची असतील, किंवा मूल गर्दीत बुजत असेल, तर क्वायर. ताईंच्या एकुलत्या मुलाला मी आधी मैदानावर पाठवेन.