मापनाचा माइक आणि आरईडब्ल्यू : फाइलविना काढलेले महिने

माइक उत्तम आहे. पण त्याची कॅलिब्रेशन फाइल (कोणत्या सुराला हा माइक किती चुकतो, त्याची नोंद) अजून मिळालेली नाही, आणि मापनाचा माइक घ्यायचा तो त्या फाइलसाठीच. माइकवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की 'सापडला नाही'. विक्रेता कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी बिल मागते, बिल पाठवलं की नवा तक्रार क्रमांक! शेवटी भलत्याच नंबरची फाइल आली. म्हणे, सगळे माइक सारखेच असतात. सारखेच असतील तर प्रत्येकाची फाइल वेगळी कशाला काढता? त्याच फाइलचे जास्तीचे पैसे मी मोजलेत.

रागाने तो बरेच दिवस खोक्यातच ठेवला होता. दरम्यान सर्ज एक्सटी या सॉफ्टवेअर सिंथेसायझरवर (फुकट आहे, सिंथेसिस शिकायला याहून चांगलं मला मिळालेलं नाही) साधी साइन वेव्ह, म्हणजे निव्वळ एकच सूर, लावून बेसचे सूर एकेक वाजवत होतो. मीटरवर पातळी तीच, तरी ५५ हर्ट्झचा ए खोलीभर घुमायचा आणि त्याच्या वरचे सूर दुबळे वाटायचे. पॅचमध्ये, म्हणजे सिंथच्या मांडणीत, खोट नव्हती. मग माइक काढला, कानाच्या उंचीवर लावला आणि आरईडब्ल्यू या खोलीचा आवाज मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने स्वीप घेतला, म्हणजे खालून वर सरकत जाणारा सूर वाजवून मोजला. ५६ हर्ट्झला भलामोठा उंचवटा. खोली १० फूट, म्हणजे साधारण ३.०५ मीटर लांब. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की या लांबीत घुमणारा सर्वांत खालचा सूर मिळतो, आणि तो ५६च येतो. केवढा आनंद झाला!

इथे फाइलबद्दलचं मत जरा मवाळ झालं. अशा माइकची मोठी चूक बहुतेक वरच्या सुरांच्या टोकाला असते. खाली खोलीच दहा-पंधरा डेसिबल वरखाली करते, तिथे माइकचा एखादा डेसिबल आड येत नाही. शिवाय खोलीतल्या बदलाच्या आधीचा आणि नंतरचा स्वीप एकाच माइकने घेतला की त्याची चूक दोन्हीकडे सारखीच राहते. भिंतीलगत या सुराचा दाब सर्वांत जास्त, खोलीच्या मधोमध जवळपास शून्य. म्हणून खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवली, पण मध्यावर नेली नाही. उंचवटा निम्म्याने उतरला, खर्च शून्य. पातळ फोमवर पैसे घालवू नका. सहा मीटरच्या लहरीला तो अडवत नाही.

पण ८ किलोहर्ट्झच्या वर स्पीकर खरंच तिखट आहेत की माइक तसं दाखवतोय, हे फाइलशिवाय ठरत नाही. भलत्या नंबरची फाइल मी लोड करणार नाही. माइकला चार तारे, सेवेला एकही नाही. घेणार असाल तर विक्रेत्याकडून आधी सिरीयल नंबर मागून घ्या, फाइल उघडते का पाहा, मगच पैसे द्या.