छपाईसाठी फाइल: कोरलड्रॉची खुली की पीडीएफ?

मराठी मजकूर छापखान्यात देताना कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरची खुली (म्हणजे बदल करता येणारी) फाइल द्यावी की पीडीएफ, हा प्रश्न मुख्यतः अक्षरांपाशी येऊन अडतो. खुल्या फाइलमध्ये डीटीपी ऑपरेटर ऐनवेळी एखाद्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारू शकतो, ही तिची मोठी सोय. परंतु तुमचा श्रीलिपी या भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरचा फॉन्ट त्याच्या संगणकावर नसेल, तर दुसराच फॉन्ट लागून ‘श्री’च्या जागी भलतेच चिन्ह उमटते, आणि अक्षरे कर्व्हमध्ये (म्हणजे नुसत्या रेखाकृतींत) बदलून दिली, तर दुरुस्तीची ती सोयही हातची जाते. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत करता येतात, त्यामुळे जोडाक्षरे शाबूत राहतात. पीडीएफ/एक्स-१ए या छपाईसाठीच्या प्रमाणित प्रकारात तर ते बंधनकारकच असते, शिवाय आरजीबी (पडद्यावरचे लाल-हिरवा-निळा) रंग चालत नाहीत.

मात्र पीडीएफ केली म्हणून व्हॉट्सॲपवरून आलेला लहानसा फोटो फुटायचा थांबत नाही. छापायच्या आकारात साधारण ३०० डीपीआय (दर इंचातले ठिपके) आणि चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई) दोन्ही प्रकारच्या फाइलींत लागतेच. बारीक काळा मजकूर छपाईच्या चारही शाईंत (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) गेला, तर रजिस्टर (शाईंचे एकमेकींवर नेमके बसणे) किंचित हलताच कडांना रंगीत सावली दिसते, म्हणून तो केवळ काळ्या शाईत ठेवावा.

माझा कौल पीडीएफला आहे. घाईच्या लग्नपत्रिकेसाठी, छापखान्यात तोच फॉन्ट असेल तर, खुली फाइल चालून जाते.