रंग शोषणारे कागद आणि गडद जीन्स

नव्या गडद जीन्सचा रंग फिकट सुती शर्टाच्या खालच्या काठाला लागल्यावर मी वॉशिंग मशीनमध्ये टाकायचे रंग शोषून घेणारे कागद आणले आणि 4 धुण्यांत वापरून पाहिले. पहिल्या वेळी पांढराशुभ्र कागद आभाळी निळा होऊन बाहेर आला, सोबतचा पांढरा रुमाल मात्र जसाच्या तसा राहिला. चौथ्या वेळी कागदावर जेमतेम छटा होती. पाण्यात सुटलेला रंग धरण्याचे काम ते चोख करतात.

घासून रंग लागण्याची माझी मूळ तक्रार मात्र त्याने मिटली नाही, आणि त्याचा सगळा दोष कागदाला देता येणार नाही. डेनिमचा निळा रंग, म्हणजे इंडिगो, पाण्यात विरघळत नाही. तो सुताच्या गाभ्यापर्यंत न मुरता वरवर बसतो, त्यामुळे कोरड्या घर्षणानेही, आणि घामाने ओलावल्यावर तर अधिकच, दुसऱ्या कपड्यावर उतरतो. (मीठ आणि व्हिनेगरचा घरगुती उपायही करून झाला, व्यर्थ.) शर्टावरचा डाग अखेर ऑक्सिजन ब्लीच घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवल्यावर गेला, तरी शिवणीतली निळसर रेघ राहिली ती राहिलीच. घासून लागणाऱ्या रंगाबद्दल पाकिटावर अवाक्षरही नाही, हे खटकते.