पेटंटच्या केसवर पैसे लावून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

एचबीएम मेमरी (एआयच्या चिपसोबत लागणारी वेगवान मेमरी), पेटंट, लायसन्सिंग यावर पैसे लावा म्हणून परत मेसेज फिरायला लागलेत, पाठवणारे आपलेच मराठी लोक आहेत, म्हणून हे लिहितोय. आमच्याबाबतीत 2011 ला सॅन होजेमध्ये हेच झालं.

तेव्हा रॅम्बसची हवा होती. कंपनी चिप स्वतः बनवायची नाही, मेमरीच्या टेक्नॉलॉजीची पेटंट होती आणि चिप बनवणाऱ्यांकडून लायसन्सचे पैसे घ्यायचे हा धंदा. 2010 च्या जानेवारीत सॅमसंगने सगळं मिळून 900 मिलियन डॉलरची तडजोड केली, त्यामुळे आता मायक्रॉन आणि हायनिक्स या मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्या पण झुकणार असं जो तो म्हणत होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात त्या दोघांवर संगनमताची केस चालू होती, मागणी जवळपास 4 बिलियनची आणि जिंकले तर कायद्याने तिप्पट.

आमच्याकडे गणपतीला येणारे एक गृहस्थ, वयाने मोठे, सगळे दादा म्हणायचे. ते म्हणाले, माझा माणूस रोज कोर्टात बसतो, ज्युरी आपल्या बाजूने आहे, चेक माझ्या नावाने दे, सगळ्यांचं एकत्र करून कॉल ऑप्शन घेतो (शेअर वर गेला तर मोठा फायदा, खाली गेला तर लावलेले सगळे पैसे जाऊ शकतात). चार घरांतून चेक गेले.

16 नोव्हेंबरला ज्युरीने रॅम्बसच्या विरोधात निकाल दिला आणि शेअर एका दिवसात 18 डॉलरवरून 7 च्या आसपास. संध्याकाळी दादांचा स्वतःहून फोन, आवाज रडवेला, "अरे सगळेच बुडालो रे, माझे तर तुझ्यापेक्षा जास्त गेले." आम्हीच त्यांना धीर दिला.

पुढे फेब्रुवारीत टॅक्समध्ये लॉस दाखवायला कागद मागितले तर आज देतो उद्या देतो, शेवटी एक स्टेटमेंट आलं. त्यात खरेदीची तारीख होती 5 सप्टेंबर 2011. त्या दिवशी लेबर डे, अमेरिकेचं मार्केट बंद! बायकोने कॅलेंडर उघडून समोर ठेवलं. म्हणजे ऑप्शन घेतलेच नव्हते, पैसे सरळ खिशात. खुलासा विचारला तर फोन बंद.

हे लोक कोर्टाच्या केसच का धरतात ते नीट बघा. निकाल विरुद्ध गेला की सगळे हळहळतात, हिशोब कोणी मागत नाही. आणि बाजूने गेला तरी अपील आहे सांगून वर्षानुवर्षं थांबवता येतं, कारण ते खरंच असतं. रॅम्बसच्याच पेटंटच्या वेगळ्या केसमध्ये हायनिक्सवर 2006 ला ज्युरीने 307 मिलियनचा निकाल दिलेला, जजने रक्कम कमी केली, पुढे 2011 ला अपील कोर्टाने सगळंच रद्द केलं, शेवटी 2013 ला 240 मिलियनवर तडजोड झाली आणि तीसुद्धा पाच वर्षांच्या हप्त्यांत.

आता नेटलिस्ट या मेमरीची पेटंट असलेल्या दुसऱ्या कंपनीचं नाव घेऊन तीच टेप चालू आहे, 2023 ला टेक्सासमध्ये सॅमसंगवर 303 मिलियनचा निकाल लागला तो स्क्रीनशॉट दाखवतात, पण त्यातली पेटंट नंतर पेटंट ऑफिसनेच उडवली हे सांगत नाहीत. कंपनीबद्दल माझी काही तक्रार नाही, शेअर घ्यायचा तर स्वतःच्या अकाउंटमधून घ्या. चेक कोणाच्या नावाने देऊ नका. कोणाला आधीच दिला असेल तर आजच ब्रोकरच्या साईटवर त्यांना तुमच्यासमोर लॉगिन करायला लावा, पीडीएफ चालणार नाही म्हणा, आणि टाळाटाळ केली तर थेट एसईसीकडे (अमेरिकेच्या शेअर बाजारावर नजर ठेवणारी सरकारी संस्था) ऑनलाईन तक्रार टाका, नात्यागोत्याचा विचार करत बसू नका.